शेवंड घाट चढत नाही

कुर्डुवाडीत ताजा मासा म्हणजे चिलापी. उजनीचं पाणी फार लांब नाही, त्यामुळे चिलापी, मरळ, वाम, कटला ही मंडळी आमच्या ओळखीची. पुणे-सोलापूर रस्त्याला भिगवणपासून मच्छीच्या पाट्या दिसू लागतात आणि लोक मुद्दाम वाट वाकडी करून तिथं जेवायला जातात. समुद्राचा मासा मात्र आमच्याकडं वाळून येतो. बाजाराच्या दिवशी गोणपाटावर सुकट आणि बोंबलाचे ढीग लागतात आणि ते कुठं लागलेत हे विचारावं लागत नाही, नाक नेऊन सोडतं. तव्यावर कोरडी भाजलेली सुकट, कच्चा कांदा आणि ज्वारीची भाकरी ज्याला आवडत नाही, त्याला मी आमच्या जिल्ह्यातला मानायला तयार नाही. माळकरी अर्थात यातून वगळले. पंढरपूर पन्नासेक किलोमीटरवर असताना ते वगळावेच लागतात.

अशा गावातला माणूस कोकणात जाऊन आला की त्याला पहिला प्रश्न आंब्याचा विचारत नाहीत. "शेवंड खाल्ली का?" हा प्रश्न असतो. खाल्ली म्हटलं की लगेच पुढचा, "कुठं खाल्ली? हाटेलाचं नाव सांगा की." नाव सांगितलं की समोरचा ते मोबाइलमध्ये लिहून घेतो आणि मे महिन्यात मुलांना घेऊन तिथं धडकतो. तिथं त्याला शेवंड मिळत नाही, किंवा मिळते ती बर्फातली असते आणि तिच्या पैशात घरातल्या सगळ्यांचे कपडे झाले असते. मग तो परत येऊन माझ्याकडं ज्या नजरेनं बघतो, तिच्यामुळं मी हल्ली नावं सांगायचं सोडून दिलंय. त्याऐवजी जे सांगतो ते लांबलचक असतं आणि सहसा कुणी पूर्ण ऐकत नाही. म्हणून इथं लिहितो.

खरं तर आमच्या गावाला समुद्राची ओढ जुनीच असावी असं मला उगाच वाटतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, ती अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. कुर्डुवाडी तिचं घर. एका अंगाला ती बार्शीवरून लातूरला गेली, दुसऱ्या अंगाला पंढरपूर घेत १९२७ साली मिरजेला पोचली. नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर ही दुसरी रेघ सरळ समुद्राच्या दिशेनं चाललेली दिसते आणि मिरजेत थांबते. पुढं सह्याद्री. ती छोटी गाडी आता नाही, रुळ रुंद झाले, पण आम्ही अजून त्याच रेघेनं कोकणात उतरतो: पंढरपूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर. सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागा मागं पडतात, कोल्हापुरात तांबडा-पांढरा होतो, गगनबावड्याला गाडीच्या काचा खाली घेतल्या जातात आणि करूळचा घाट उतरताना कानात दडे बसतात.

एका प्रवासात माझी आत्या बरोबर होती. गळ्यात माळ, वारी न चुकलेली. तिला कुणकेश्वरचं दर्शन हवं होतं, आम्हाला देवगड-मालवण हवं होतं, असा तह झाला होता. पंढरपूरच्या पुलावर तिनं खिडकीतून हात जोडले आणि मग शांतपणे म्हणाली, "चंद्रभागा ओलांडून किडं खायला चाललाय व्हय रं?" शेवंडीचा फोटो तिनं माझ्या मुलाच्या मोबाइलवर पाहिला होता. तिच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, त्यामुळं तिला आमच्या जेवणाची काळजी नव्हती, फक्त मत होतं.

मत अगदीच चुकीचं म्हणता येत नाही. शेवंड ही खेकडा आणि कोळंबीच्या भाऊबंदकीतली आणि किड्यांचीही लांबची नातेवाईक. सिनेमात आणि परदेशी जाहिरातीत दिसते ती दोन मोठ्या नांग्यांची, अटलांटिक महासागराच्या थंड पाण्यातली. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीला नांग्या नसतात. तिला अंगापेक्षा लांब मिशा असतात, पाठीवर काटे असतात, आणि तिला हातात धरलं की ती चक्क आवाज करते. मिशीच्या बुडाशी असलेला भाग ती डोळ्याखालच्या खरखरीत पट्टीवर घासते आणि करकर असा आवाज निघतो. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा हात मागं घेतला होता. अंड्यातून निघालेलं तिचं पिल्लू पारदर्शक आणि पानासारखं चपटं असतं. ते महिनोन्‌महिने भर समुद्रात तरंगत राहतं, मग कुठंतरी किनाऱ्याजवळ येऊन तळ धरतं. हे सगळं टाकीत घडवून आणणं फार अवघड. त्यामुळं कोळंबीची शेती झाली तशी अंड्यापासून विक्रीपर्यंतची शेवंडीची शेती आपल्याकडं उभी राहिली नाही. ताटात येते ती प्रत्येक शेवंड समुद्रात वाढलेली असते आणि कुणाच्या तरी जाळ्यात सापडलेली असते. शेवंड कुठं मिळेल, या प्रश्नाचं उत्तर हॉटेलवाल्याच्या हातात नसतं ते यामुळं.

ते कुणाच्या हातात असतं हे मला हर्णैला कळलं. दापोलीच्या खाली हर्णै बंदर, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. सकाळी एकदा आणि दुपार कलल्यावर एकदा तिथं मासळीचा लिलाव होतो. बोटी किनाऱ्यापासून आत थांबतात आणि माल आणायला बैलगाड्या समुद्रात जातात. बैल पाहण्यात माझा जन्म गेला, पण पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात उभे राहून लाट आली की फक्त मान वर करणारे बैल मी तिथंच पाहिले. शिंगांना गोंडे नव्हते, गाडीला चिखलाऐवजी वाळू आणि खवले चिकटले होते. गाडीवान मागं न बघता नुसत्या आवाजानं त्यांना वळवत होता. माझ्यातला माढा तालुक्यातला माणूस लिलाव विसरून त्यांच्याकडंच बघत राहिला होता.

लिलावाकडं बघितलं तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पापलेट, सुरमई, कोळंबी, बांगडा यांचे वाटे वाळूवर मांडले जात होते, बोली लागत होती, बायका टोपल्या उचलून चालत्या होत होत्या. शेवंडी मात्र वाळूवर आल्याच नाहीत. दोन-चार होत्या, त्या ओल्या गोणपाटात गुंडाळून एका बाजूच्या माणसाकडं गेल्या, त्यानं तागडीत टाकल्या, वहीत लिहिलं, संपलं. बोली नाही, आरडाओरडा नाही. त्यांचा भाव आधीच ठरलेला होता, आणि गिऱ्हाईकही. चांगली शेवंड जिवंत पाठवली तर सगळ्यात जास्त पैसे देते. थंड करून तिला गुंगी आणायची, गारेगार भुशात किंवा तसल्याच कशात नीट बसवायची, थर्माकोलच्या पेटीत भरायची आणि विमानानं हाँगकाँग-सिंगापूरकडं रवाना करायची. या वाटेनं गेलेली शेवंड तिकडच्या काचेच्या टाकीत पुन्हा मिशा हलवते. म्हणजे कोकणातली शेवंड जिवंत हाँगकाँगला पोचते, कुर्डुवाडीला पोचत नाही. मला याचं वाईट वाटत नाही, पण नोंद करावीशी वाटते.

हे पाहिल्यावर कोकणातल्या घरांत शेवंड का शिजत नाही याचं कोडं सुटलं. ज्याच्या जाळ्यात ती येते त्याला ती खाणं परवडत नाही. त्याच्या चुलीवर तारली असते, बांगडा असतो, मोरी असते. शेवंड विकून डिझेलचे पैसे निघतात. म्हणून 'कोकणातला पारंपरिक शेवंडीचा पदार्थ' असं कुणी जाहिरातीत लिहिलं की मी ते अर्ध्यावर सोडतो. जे आहे ते असं: कोळंबीला, चिंबोरीला जो मसाला चालतो तोच तिला लावला जातो आणि गिऱ्हाईक मुंबईचं असेल तर वर लोणी-लसूण.

हर्णैहून दक्षिणेला किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं तर रस्ता मध्येच पाण्यात संपतो. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची चर्चा मी लहानपणापासून ऐकतोय, खाड्यांवरचे पूल अजून पूर्ण व्हायचेत. तोवर जंगलजेट्टी. दाभोळहून धोपाव्याला, जयगडच्या खाडीत तवसाळहून पलीकडं, गाडी बोटीत चढवायची आणि आपण कठड्याला टेकून उभं राहायचं. घाई असणाऱ्याला हा खोळंबा वाटतो. मला विचाराल तर शेवंडीचा तपास करायला याहून चांगली जागा नाही. बोटीवर एखादा तरी माणूस टोपली घेऊन चाललेला असतो आणि काल रात्री कुणाला काय मिळालं हे त्याला माहीत असतं. रत्नागिरीत मिरकरवाड्याला, देवगडला, वेंगुर्ल्याला बंदरावर सरळ विचारावं. विचारायची वेळ सकाळची. संध्याकाळी हॉटेलात बसून विचारलं तर वेटर 'आहे' म्हणतो, कारण फ्रीजमध्ये कायम असते.

महिनाही बघावा लागतो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बिनयांत्रिक होड्यांना सूट असली तरी त्या समुद्रात कोण जाणार! त्या दिवसांत कुणी ताजी शेवंड म्हणून पुढं केली तर ती खाण्यापेक्षा त्या माणसाच्या धाडसाचं कौतुक करून उठावं. नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू माल येऊ लागतो. मला स्वतःला दिवाळीनंतरचे, थंडी धरू लागते ते दिवस बरे वाटतात, पण त्याचं कारण बहुधा शेवंड नसून रिकामे किनारे हे असेल.

मालवण हे शेवंडीसाठी सगळ्यात बोलबाला असलेलं गाव. सिंधुदुर्ग ज्या कुरटे बेटावर उभा आहे त्याच्या आजूबाजूचा समुद्रतळ खडकाळ, कपारी-कपारींचा, आणि कपार हेच काही जातींच्या शेवंडीचं घर. दिवसा आत, रात्री बाहेर. या पट्ट्याला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, त्यावरून मच्छीमार आणि सरकार यांच्यात ओढाताण बरीच झाली, तो वेगळा विषय. गावात चैतन्य, अतिथी बांबू ही नावं कुणीही सांगेल आणि तिथलं मालवणी जेवण चांगलंच असतं. पण शेवंड आज आली आहे का, हे तिथंही आधी विचारायला हवं. आम्ही उतरलो होतो ते तारकर्लीच्या वाटेवरच्या एका घरात. घरधनीण साठीच्या पुढची, तिला सगळे काकी म्हणत. पहिल्या दिवशी तिनं मान हलवली. "आज गावली नाय. बांगडो आसा ताजो, खातल्यात?" बांगडा खाल्ला. तिरफळ घातलेलं तिखलं, उकड्या तांदळाचा भात. खरं सांगायचं तर मालवणात बांगड्यासाठी जावं आणि शेवंड मिळाली तर मिळाली म्हणावं, असं माझं मत त्याच दुपारी झालं होतं आणि ते अजून बदललेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मुलगा पिशवी घेऊन आला. आत दोन होत्या, हिरवट-तपकिरी, पायांवर फिकट पट्टे. काकीनं सगळ्यात आधी एक केलं. एकेकीला उचलून पोटाकडून पाहिलं. शेपटीखाली अंडी असतील तर ती घ्यायची नाही, परत पाण्यात, असा तिचा नियम. ती कुठं वाचायला गेली नव्हती, पण तिचा नियम आणि सरकारचा नियम एकाच दिशेचा आहे. २००३ साली केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं निर्यातीच्या शेवंडीला किमान वजनं ठरवून दिली. चिखलाळ तळावर राहणाऱ्या आपल्याकडच्या नेहमीच्या जातीला ३०० ग्रॅम, खडकातल्या एका जातीला २००, मोठ्या रंगीत जातीला ५००, आणि मिशांऐवजी चपट्या फावड्यासारखं तोंड असलेल्या जातीला १५०. या शेवटच्या जातीचं मुंबईच्या समुद्रात काय झालं ते माहीत असलेलं बरं. ट्रॉलरांनी ती वर्षानुवर्षं इतकी ओढली की १९९०च्या दशकात तिथली तिची मासेमारी कोसळली. पण निर्यातीचा नियम निर्यातीपुरता. ताटात काय येतं ते वजनकाट्यावर कुणी बघत नाही. दीडशे ग्रॅमचं पोर 'बेबी' नाव देऊन तव्यावर घातलेलं मी किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी पाहिलंय. आपण मागितलं नाही तर ते तव्यावर येणार नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.

काकीच्या स्वयंपाकघरात मी दारात उभा होतो. आत्या मागच्या पडवीत तुळशीपाशी, आमच्याकडं पाठ करून. काकीनं शेवंड बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवली, ती पार निश्चल झाल्यावर बाहेर घेतली आणि धड-शेपूट पिळून वेगळं केलं. मग तिचीच एक मिशी मोडली. काटेरी, कडक, टोकाला निमुळती. ती मिशी शेपटीच्या टोकाच्या भोकातून आत सरकवली, थोडी फिरवली आणि बाहेर ओढली, तशी काळी शीर अख्खी तिच्या काट्यांना अडकून निघाली. सुरी नाही, चिमटा नाही. जनावराला साफ करायचं हत्यार जनावराच्याच अंगावर. मी इतक्या हॉटेलांत शेवंडीचे फोटो काढणारी माणसं पाहिली, पण हा फोटो कुणाकडं असेल असं वाटत नाही.

मसाल्याबद्दल माझी अपेक्षा वेगळी होती. ओल्या नारळाचं वाटण, मालवणी मसाला, आमसूल, लाल रस्सा. काकीनं हळद, मीठ, थोडा लसूण आणि खोबरेल एवढंच घेतलं. मी चुळबुळ करताना दिसलो असणार. "मसालो बांगड्याक," ती म्हणाली, "हिची चव हिच्यातच आसा." शेपूट उभी चिरून कवचासकट तव्यावर उपडी घातली. हिरवट कवच बघता बघता लाल झालं. तो रंग आधीपासून आतच असतो, प्रथिनाला जखडलेला. उष्णतेनं ती गाठ सुटते आणि लाल बाहेर येतो. काही मिनिटांत तिनं तवा उतरवला. आणखी थोडा वेळ ठेवली असती तर रबर. हॉटेलात शेवंड चिवट लागते तेव्हा ती शिळी असेल किंवा आचारी बोलत बसला असेल.

चव कशी होती? गोडसर. कोळंबीहून भरीव, चिंबोरीहून सौम्य. चिंबोरीला जो तोंडभर समुद्र असतो तो हिच्यात नाही. आयुष्यात एकदा खाऊन बघावी अशी नक्की, पण तिच्यासाठी कर्ज काढू नये. गोव्यात हीच मी रेशाद मसाल्यात खाल्ली. तिथं कच्चे मासे ताटात मांडून टेबलाशी आणतात आणि बोट दाखवून निवडायला लावतात, ही पद्धत मला पटते. मात्र भाव नगाचा की किलोचा ते बोट दाखवण्याआधी विचारावं. मुंबईत एका मोठ्या हॉटेलात थर्मिडोर नावाचा प्रकार समोर आला. विक्तोरियां सार्दू यांच्या फ्रेंच नाटकावरून ते नाव पडलं म्हणतात. साय, चीज, मोहरी आणि त्याखाली कुठंतरी शेवंड. नाटक कसं होतं माहीत नाही, पदार्थात मुख्य पात्राला संवाद नव्हते.

हिशेबाचं एक कुणी सांगत नाही. तागडीत आपण अख्खी शेवंड विकत घेतो आणि खातो शेपूट, जी वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा भरते. मग उरलेलं जातं कुठं? त्या दुपारी आमची ताटं उचलल्यावर मी पाणी प्यायला आत गेलो, तर चुलीवर दुसरं पातेलं होतं. दोन्ही शेवंडींची डोकी आणि पाय ठेचून, नारळाचं वाटण, आमसुलं आणि भरपूर लाल मसाला घालून त्याचं कालवण रटरटत होतं. मला हवा होता तो वास इथं होता. काकी, तिचा मुलगा आणि सून जेवायला बसत होती. मी तिथंच पाटावर बसलो आणि म्हटलं, मलाही वाढा. काकी हसली. "डोक्यात काय गावतला तुमका?" पण वाढलं. पाय दातांनी फोडून चोखायचे, डोक्यातला पिवळसर गर रश्शात मिसळून भातावर घ्यायचा, बोटं पार मनगटापर्यंत लाल. अर्धा तास कुणी बोललं नाही.

बिलात त्याचे पैसे लावलेले नव्हते. मी विचारलं तर सुनेनं वहीवरून नजर न उचलता सांगितलं, तो घरचा स्वयंपाक, त्याचे कसले पैसे. आत्यानं गाडीत बसताना माझ्या हातांचा वास घेतला आणि पिशवीतून लिंबू काढून दिलं.